लांब दांड्याचे पाने

“मुलासाठी हवेत. मुलगा फिटर आहे माझा, लिफ्टच्या कंपनीत,” असं तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्याला मुलगाच नाही. होती ती एकुलती एक मुलगी, आणि ती त्याच्या शेजारीच उभी होती, काउंटरला कोपर टेकून, हातात तेराचा पाना घेऊन. बरं, हार्डवेअरवाल्यानं कोणासाठी म्हणून विचारलंही नव्हतं. काम कसलं आहे, गाड्यांचं की मशिनांचं, एवढंच त्यानं विचारलं होतं, कारण त्याप्रमाणे कुठला खण उघडायचा ते त्याला ठरवायचं होतं. “लिफ्टचं” एवढं एका शब्दाचं उत्तर पुरलं असतं. पण तोंडातून निघालं ते सबंध वाक्य, अगदी इस्त्री करून ठेवल्यासारखं. आता पोरगी काहीतरी बोलेल, निदान मान वर करून बघेल, म्हणून तो अंग चोरून उभा राहिला. तिनं डब्यातला एक बोल्ट उचलला, त्यावर तो पाना चढवला, जरा हलवून किती ढिला बसतोय ते पाहिलं आणि बोल्ट परत डब्यात टाकला. “वा,” दुकानदार म्हणाला, “फिटर म्हणजे हात पाहिजे हो माणसाला. नुसतं शिकून भागत नाही.” इथं तरी गप्प बसावं की नाही? पण त्याची जीभ आता सुटलीच होती. हात चांगलाच आहे त्याचा, तो म्हणाला, लहानपणापासून. घरातलं एक बिजागर त्यानं बाहेरच्या माणसाला लावू दिलं नाही कधी. वर्कशॉपच्या परीक्षेत पहिला आला, मास्तर म्हणाले, असा हात फार दिवसांनी बघितला. यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त ज्याच्याबद्दल होता तो जन्मलाच नव्हता, आणि जिच्याबद्दल होता तिला यातलं एक अक्षरही त्यानं आजवर ऐकवलं नव्हतं. दुकानदार कौतुकानं ऐकत राहिला आणि मग तिच्याकडे वळून म्हणाला, “भावासाठी निवडताय होय ताई?” तिनं क्षणभर हातातल्या पान्याकडे पाहिलं. “हो,” ती म्हणाली, “दादासाठी.”

दादा हा शब्द तिनं आयुष्यात कोणाला वापरला असेल असं त्याला आठवेना. आणि तरी तो किती सहज आला, जणू दादा घरी बसून यांची वाट बघतोय. त्याचे कान गरम झाले. तिनं आपल्याला उघडं पाडलं असतं तर एकदाच मेल्यासारखं झालं असतं, पण तिनं सांभाळून घेतलं, आणि सांभाळून घेतलेल्या माणसाला तर कुठं तोंड लपवायलाही जागा उरत नाही. तो घाईघाईनं मालाकडे वळला. या मालाची त्यानं गेले कितीतरी दिवस तयारी केली होती. पोरीला नोकरी लागली, तिथं प्रत्येकानं आपापले पाने आणायचे असा रिवाज, दुसऱ्याच्या पान्याला कोणी हात लावत नाही आणि आपला कोणी देत नाही. लिफ्टच्या कामात पाना मनगटाला दोरीनं बांधलेला असतो, कारण वरून सुटलेला पाना खाली कोणाच्या डोक्यात पडेल याचा नेम नसतो. तेव्हा पहिला सेट आपण घेऊन द्यायचा असं त्यानं ठरवलं होतं. स्वस्त हवा, पण टाकाऊ नको. त्यासाठी त्यानं रस्त्याच्या टोकाच्या गॅरेजवाल्याचं डोकं खाल्लं, फोनवर माणसं पाने पिळून पिळून मोडतात ते व्हिडिओ बघितले, आणि जेवताना बायकोला ओतीव आणि घडीव यातला फरक समजावून सांगितला. ओतीव पान्याचं तोंड जोर लावला की फाकतं आणि नट गोल करून ठेवतं. आकडा छापलेला नको, ठोकून उमटवलेला हवा. एका टोकाला उघडं तोंड, दुसऱ्या टोकाला रिंग, आठपासून चोवीसपर्यंत, आणि सगळे मिलिमीटरचे, त्यात एखादा इंची घुसडलेला असतो तो बघून घ्यायचा. हे सगळं तो दुकानात घडाघडा बोललासुद्धा. दुकानदारानं चकचकीत स्वस्त सेट आपण होऊन बाजूला सारला, परदेशी महागडा काढलाच नाही, आणि मधल्या दराचे, कापडी कप्प्यांत पाने खोचलेले दोन रोल उलगडले. एकाच कारखान्याचे, एकाच पोलादाचे, किमतीला उन्नीस-बीस. एकाचा दांडा लांब, एकाचा आखूड. “आता मला एवढंच सांगा,” दुकानदार म्हणाला, “मुलाचा हात केवढा आहे?”

आखूड दांड्याचा सतराचा तिच्या हातात होता. तिनं तो कधी उचलला ते त्यानं पाहिलं नव्हतं, पण मूठ बंद झाली होती, अंगठा पहिल्या बोटावर येऊन नेमका टेकला होता आणि मनगट मोकळं होतं. हे बघायला त्याला कोणी शिकवायला नको होतं. आयुष्य त्याचं चपला-बुटांच्या दुकानात गेलेलं, लोकांच्या पायाशी बसून. माणूस दारातून आत आला की चालीवरून तो नंबर सांगायचा. बोटं पुढं घासतात की टाच मागं उचलते, हे त्याला गिऱ्हाइकाच्या आधी कळायचं. चुकीच्या मापाचा जोड त्यानं कधी कोणाच्या गळ्यात मारला नव्हता, मालक ओरडला तरी. आणि आता त्याला फक्त म्हणायचं होतं, हिचाच हात बघा, हिलाच हवेत. ओठांपर्यंत आलं होतं. पण मग तो मुलगा कुठं गेला असता? ते बिजागर, ते मास्तर, तो पहिला नंबर? दुकानदार वाट बघत होता. त्यानं आपलाच पंजा उघडून पुढं केला आणि म्हणाला, “माझ्याएवढा. थोडा मोठाच असेल.” दुकानदारानं लांब दांड्याचा पाना त्याच्या हातात दिला. छान बसला, का नाही बसणार? “मग हाच न्या. बाप्याच्या हाताला आखूड दांडा म्हणजे खेळणं वाटतं.” तिनं तो सतराचा त्याच्या कप्प्यात परत सरकवला आणि रोलच्या नाड्या नीट बांधून दिल्या.

रस्त्यावर आल्यावर दोघं घराकडे चालू लागली. रोल त्याच्या काखेत होता आणि भलताच जड लागत होता. काहीतरी बोलणं तर भाग होतं. शेवटी सिग्नलपाशी थांबल्यावर, गाड्यांच्या आवाजाचा आडोसा घेऊन, तो म्हणाला, “हात चांगला आहे तुझा.” ती म्हणाली, “हो, ऐकलं मी आत.” आवाजात राग नव्हता. असता तर त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं. मग पलीकडच्या फुटपाथवर पोचल्यावर त्यानं हळूच विचारलं, की दांडा जरा लांब होतो का गं, बदलून आणू या का. तेव्हा मात्र ती हसली. “काय सांगणार? घरी जाईपर्यंत दादाचा हात आटला म्हणून?” तोही हसला. हसायलाच पाहिजे होतं, नाही तर मग रडणंच राहिलं होतं. “असू दे बाबा,” ती म्हणाली, “होईल सवय.” ‘होईल सवय’ हे वाक्य त्याला चांगलं ओळखीचं होतं. त्याच्या दुकानात बायका हेच म्हणायच्या. आपला पाय मोठा आहे हे चारचौघांत कबूल करायला लाजायच्या, एक नंबर लहान मागायच्या, पाय कोंबायच्या, चेहरा हसरा ठेवून म्हणायच्या, सैल होईल, सवय होईल. अशा वेळी तो काही बोलायचा नाही. आत जायचा, एक नंबर मोठा जोड आणायचा, खोक्यावरचा आकडा तळहातानं झाकून बूट पायात सरकवायचा आणि म्हणायचा, बघा, तुमचाच नंबर, दुसऱ्या लॉटमधला. बाई खुशीत जायची. परक्या बायकांसाठी त्याला हे सुचत होतं. लाजेपायी माणूस स्वतःला कसं काचून घेतं हे ज्यानं जन्मभर गुडघ्यावर बसून बघितलं, त्यानं स्वतःच्या लाजेपायी पोरीला काचणारा जोड घालून आणलं होतं, आणि वर तिच्याकडूनच म्हणवून घेतलं होतं की होईल सवय.

दुकानात निघालेल्या त्या ‘मुलगा फिटर आहे माझा’चं त्याला सर्वांत जास्त भय वाटलं, ते वाक्य इतकं तयार कसं होतं याचं. खोटं बोलताना माणूस अडखळतो, निदान जागच्या जागी रचतो तरी. हे रचलेलं नव्हतं. म्हणजे तो मुलगा आधीपासून आत कुठंतरी राहत असणार, भाडं न देता, आवाज न करता, आणि आपल्याला पत्ता नाही. बूट घालता घालता, बसमध्ये दांड्याला लोंबकळताना, तो त्या मुलाला चाचपून बघू लागला. त्याला मिशी होती. खांदे बापासारखे होते. तो बुटांच्या दुकानात कधीमधी यायचा, काळवंडलेले हात खिशात घालून उभा राहायचा, आणि बाकीचे विक्रेते म्हणायचे, काय, चिरंजीव का? या एका ‘चिरंजीव का’साठी एवढा खटाटोप? दुकानात त्यानं सांगून ठेवलं होतं की मुलगी लिफ्टच्या कंपनीत असते. असते म्हणजे काय करते ते कोणी विचारलं नव्हतं, सगळे टेबल-खुर्चीच धरून चालले होते आणि त्यानं ती हलवली नव्हती. मुलगा नाही म्हणून त्यानं कधी कुरकुर केली नव्हती हेही तितकंच खरं. उलट नातेवाइकांनी चुकचुकायला सुरुवात केली की तो छाती काढून म्हणायचा, अहो, मुलगी नाही ही, मुलगाच आहे आमचा. केवढ्या अभिमानानं म्हणायचा! तिला ते लहानपणी फार आवडायचं. सायकलची चेन बसवून, हात बरबटवून यायची आणि म्हणायची, बाबा, म्हणा ना ते. मग एका वर्षी कधीतरी ती मागेनाशी झाली. पाहुण्यांपुढं त्यानं ते आपण होऊन म्हटलं तेव्हा हसलीही नाही, उठून पाणी आणायला गेली. मोठी झाली, लाजत असेल, असं तो समजला होता. आज त्याला वाटत होतं, की ज्याला आपण शाबासकी समजत होतो ती शाबासकी दर वेळी तिच्या डोक्यावरून पलीकडे, त्या मिशीवाल्याच्या पाठीवर पडत होती. आणि ते तिला त्याच वेळी दिसलं होतं. त्याला या वयात.

घरी बायकोनं रोल उलगडून सगळे पाने हाताळून पाहिले, म्हणाली, बाई गं, हे उचलून तर माझंच मनगट जाईल. मग पोरीकडे बघून म्हणाली, “तुला झेपतात का?” पोरगी म्हणाली, “झेपतात की.” आणि कामावर जायला लागली. पहिल्या आठवड्यात ती घरी आली की तो आधी तिचे हात बघायचा, चोरून, पेपरच्या वरून. एके दिवशी तिनं उजवा हात ओढणीखाली ठेवला आणि डाव्या हातानं जेवायला बसली, तेव्हा आईनं तो ओढून बाहेर काढला. चारही बोटांच्या पेरांची सालटी गेली होती आणि त्यावर कुठल्या तरी फडक्याची पट्टी होती. काही नाही, पाना सटकला, ती म्हणाली. मग एवढ्यावर आई ऐकेना, तेव्हा तुटक तुटक सांगितलं. लिफ्टच्या डब्याच्या वरती, भिंत आणि रेल्वेच्या रुळासारखी ती उभी पट्टी यांच्या मध्ये जागा अशी वीतभर असते. दांडा लांब असला की तो फिरायच्या आधी भिंतीला अडतो. मग तो तिरका धरावा लागतो, तिरका धरला की नटावर नीट बसत नाही, जोर लावला की सटकतो. मूठ भिंतीवर आपटली आणि पाना हातातून गेला. “दोरी होती ना?” त्यानं विचारलं. “होती. म्हणून तर,” ती म्हणाली आणि थांबली. खाली त्या वेळी दोघं जण काम करत होते. मुख्य फिटर तिला म्हणाला होता, हत्यार हाताला येत नसेल तर घरी बस, कोणाचा जीव घेऊ नकोस. आई पान्यांना शिव्या देऊ लागली, दुकानदाराला शिव्या देऊ लागली, असले कसले पाने गळ्यात मारतात म्हणाली. पोरीनं बापाकडे बघितलंही नाही. “दुकानदाराची काही चूक नाही गं,” एवढंच म्हणाली आणि डाव्या हातानं घास घेतला.

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. मुख्य फिटरनंच घ्यायला लावली होती. ती झोपलेली असताना त्यानं रोल उचलला आणि दुकान उघडायच्या वेळी तिथं जाऊन उभा राहिला. वाटेत त्यानं वाक्य पाठ केलं होतं. त्या दिवशी माझ्याबरोबर आली होती ना, ती माझी मुलगी, पाने तिलाच हवे होते, मी खोटं बोललो. काही फार अवघड वाक्य नव्हतं. दुकानदारानं रोल उघडला, दोन पाने उजेडात धरले आणि त्याचा चेहरा पडला. “वापरलेत हो, काका. ओरखडे बघा.” त्याला हे ठाऊक होतंच. घातलेला जोड तोही परत घ्यायचा नाही, तळवा बघूनच सांगायचा. तो म्हणाला, “त्याला लागलंय.” आणि मग पाठ केलेलं वाक्य मागं राहिलं आणि दुसरंच पुढं झालं. मुलाचा हात तसा लहानच आहे, माझाच अंदाज चुकला, अडचणीची जागा, मूठ आपटली, चार बोटं सोलून निघाली. बोलता बोलता त्यानं आपली मूठ काउंटरच्या कडेवर आपटून दाखवली, ती लागली, आणि तेवढं खरं होतं. दुकानदार एकदम मऊ झाला. त्यालाही मुलं होती. “पोरं सांगत नाहीत हो आपल्याला, सोसत राहतात,” तो म्हणाला, आणि आखूड दांड्याचा रोल काढून समोर ठेवला. “न्या. माझं मी बघून घेईन याचं काय करायचं ते. जप म्हणावं त्याला.” तो आभार मानून पायऱ्या उतरला. जे माप त्याला पहिल्या दिवशी डोळ्यांनी दिसलं होतं ते आता काखेत होतं, आणि एका भल्या माणसाची दया त्यानं नसलेल्या मुलाच्या नावावर उचलली होती. आता घरी तरी खरं सांगू, असं तो स्वतःला बजावत चालला.

ती अंगणातल्या पायरीवर बसली होती. रोल बघून उठली, सतराचा बाहेर काढला, मूठ बंद केली आणि विचारलं, “घेतले परत त्यानं? काय सांगितलंत?” आणि तिच्या तोंडावर असं काही होतं, सोललेल्या बोटांची पोर एवढ्या आशेनं बघत होती, की तो म्हणाला, “सांगितलं, माझ्या मुलीसाठी हवेत म्हणून.” ती बघतच राहिली. “खरंच? मग काय म्हणाला?” “काय म्हणणार? म्हणाला, छान. म्हणाला, आधीच सांगायचं होतंत.” ती हसली, पूर्ण, दात दिसेपर्यंत, जशी त्या सायकलच्या दिवसांत हसायची. त्या संध्याकाळी ती इतकी बोलली की आईनं स्वयंपाक दोनदा गॅसवरून उतरवला. ब्रेक कसे असतात, दोर कसे तपासतात, मुख्य फिटर घोरतो कसा, सगळं. बापाला तिनं खुर्चीचा एक बोल्ट काढायला लावला, मागं उभी राहून त्याचं मनगट सरळ केलं, आणि म्हणाली, ढकलू नका बाबा, ओढा, ढकललं की मूठ जाते. तो ओढत राहिला. एवढं सुख त्याला पुष्कळ वर्षांत मिळालं नव्हतं आणि ते आपलं नाही हे त्याला सारखं कळत होतं. एकदा त्याला वाटलं, आत्ताच सांगावं. मग वाटलं, आजचा दिवस तरी तिला मिळू दे. म्हणजे टाळाटाळ पुन्हा तिच्याच नावावर. त्यानंतरच्या दिवसांत ती कामावर जाताना ‘येते बाबा’ म्हणायची आणि तो दर वेळी ठरवायचा, की आज आल्यावर. बोटं भरत आली. मुख्य फिटरनं तिला पुन्हा वरच्या कामाला घेतलं. आता कशाला उकरायचं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. सांगितलं नाही तर कुठं काय बिघडतंय?

मग एका संध्याकाळी ती आली ती गप्प. चप्पल काढली, पिशवी ठेवली, कागदात गुंडाळलेला एक पाना काढून टेबलावर ठेवला. आखूड दांड्याच्या सेटमध्ये सोळाचा नसतो, कामाला लागतो, एवढंच म्हणाली. त्यानं हातातला पेपर खाली ठेवला. कुठून आणलास हे विचारायची गरज नव्हती, तरी त्यानं विचारलं. “तिथूनच,” ती म्हणाली. “मी गेले आणि म्हटलं, ओळखलंत ना मला? हसत म्हटलं. तो म्हणाला, न ओळखायला काय झालं, दादाची बोटं भरली का?” घरात बायको नव्हती. टेबलावर पडलेला पाना नवा कोरा होता, तेलाचा वास येत होता. त्याला वाटलं, ओरडावं हिनं. भांडावं. ती खुर्चीत बसली आणि बोटांच्या पेरांवरची सुटत आलेली खपली बघत राहिली.

“मग?” तो म्हणाला.

“म्हटलं, भरली.”

“मी जातो उद्या. त्याला सगळं खरं खरं सांगतो. तोंडावर सांगतो.”

“नको. त्यानं स्वतःच्या नुकसानीत बदलून दिले ना? उगाच ओशाळेल बिचारा.” ती जरा थांबली. “मी त्या दिवशी काय समजले होते, ते तुम्हाला माहीत आहे ना?”

त्यानं मान डोलावली. माहीत होतं. त्याच्याइतकं ते कोणालाच माहीत नव्हतं, ती हसली होती ते, तिनं मनगट धरलं होतं ते. आता बोलायला हवं होतं. सगळं सांगायला हवं होतं, त्या मिशीवाल्यापासून. पण जे काही तो सांगेल त्यातलं खरं कुठलं हे तिनं कशावरून ओळखायचं?

“बाबा,” ती म्हणाली, “यापुढं काही लागलं तर माझं मी आणीन. तुम्ही नका येऊ बरोबर.” बोलताना तिनं आवाज अगदी खाली ठेवला होता, त्याला लागू नये म्हणून.

“बरं,” तो म्हणाला.

ती उठली, आत गेली. तिनं हात धुतल्याचा आवाज आला, भांड्याचा आवाज आला. मग ती दारात आली आणि पाहुण्याला विचारावं तसं तिनं विचारलं, “चहा टाकतेय मी. तुम्ही घेणार का?”